दिल्लीला यायचं, पण कोणत्या महिन्यात?

प्रश्न : ताई, आम्ही चार निवृत्त शिक्षिका. ताजमहाल, लाल किल्ला, कुतुबमिनार सगळं सहलीच्या मुलांना सांभाळत बघून झालंय. आता फक्त दिल्लीचे सण-उत्सव बघायला यायचं आहे. एकच आठवडा हाती असेल तर कोणता निवडावा? (सोलापूर)

नवरात्रातला. पंचमीला या आणि दसऱ्याचा रावण जळताना बघून परतीची गाडी पकडा. उन्हाचा तडाखा गेलेला असतो, थंडी अजून लागलेली नसते आणि सगळं शहर रात्री उशिरापर्यंत रस्त्यावर असतं.

आल्याबरोबर पहिल्या दिवशी तितारपूरला जा. टागोर गार्डन मेट्रो स्टेशनपासून जवळच, पश्चिम दिल्लीतली वस्ती. इथे रावणाचे पुतळे तयार होतात. बांबू चिरून त्याचे सांगाडे बांधायचे, तारेनं आवळायचे, वरून जुन्या साड्या आणि खळ लावलेला कागद चिकटवायचा, असं काम फुटपाथवरच चालू असतं. धडं एकीकडे आडवी, तोंडं दुसरीकडे रांगेनं वाळत ठेवलेली. एक माणूस मांडी घालून बसतो आणि ओळीनं सगळ्यांच्या मिशा काळ्या करत जातो, दुसरा त्याच्या मागून डोळ्यांची बुबुळं काढतो. मला हे काम प्रत्यक्ष रावणदहनापेक्षाही जास्त आवडतं. दसरा जवळ आला की पुतळे गाड्यांवर चढून आपापल्या मैदानांकडे निघतात आणि फुटपाथ रिकामा होतो. म्हणून पंचमीचा आग्रह.

सप्तमी ते नवमी दुपारी चित्तरंजन पार्क गाठा. पूर्व पाकिस्तानातून विस्थापित होऊन आलेल्या बंगाली कुटुंबांसाठी साठच्या दशकात ही वसाहत वसली. तिथे दुर्गापूजेचे मंडप एकाला लागून एक आहेत आणि दुपारी भोग वाटतात. खिचडी, मिश्र भाजी, टोमॅटोची गोड चटणी, पायेश म्हणजे तांदळाची खीर. कुणी 'तुम्ही कोण' असं विचारत नाही, फक्त रांगेत वेळेवर उभं राहायचं. दिल्लीतली सर्वांत जुनी सार्वजनिक दुर्गापूजा मात्र काश्मिरी गेटची. ती १९१० साली सुरू झाली. कलकत्त्याहून राजधानी दिल्लीला हलवण्याची घोषणा झाली डिसेंबर १९११ मध्ये, म्हणजे पूजा आधी आली आणि राजधानी मागून! आता ती सिव्हिल लाइन्समधल्या बंगाली शाळेच्या आवारात होते. देवी, लक्ष्मी, सरस्वती, गणपती, कार्तिकेय सगळे एकाच चौकटीत बसवलेली तिथली जुन्या घडणीची मूर्ती बघायला वाट वाकडी करून जा.

रात्री रामलीला. लाल किल्ल्यासमोरच्या आणि रामलीला मैदानावरच्या मोठ्या लीला प्रसिद्ध आहेत. पण तुम्हाला नीट बसून बघायचं असेल तर मंडी हाउसजवळच्या श्रीराम भारतीय कला केंद्राची नृत्यनाटिका बघा. १९५७ पासून दरवर्षी होते. रामजन्मापासून राज्याभिषेकापर्यंतची कथा एका रात्रीत, साधारण तीन तासांत पुरी होते. पहिल्या माळेपासून दिवाळीच्या आसपासपर्यंत प्रयोग चालू असतात. तिकीट आधी काढावं लागतं. जुनं महाराष्ट्र सदन त्याच कोपर्निकस मार्गावर आहे, त्यामुळे पत्ता विचारायला अडचण येणार नाही.

दसऱ्याच्या संध्याकाळी लाल किल्ल्याकडे जाऊ नका, हे कळकळीनं सांगते. मोठे पाहुणे येतात, रस्ते अडवलेले असतात, तासन्‌तास ताटकळावं लागतं. जिथे उतराल त्या भागातलं जवळचं मैदान विचारा. रावण, कुंभकर्ण आणि मेघनाद तिथेही असतात, आणि खांद्यावर पोरं घेतलेले बापही.

प्रश्न : आमच्या मिरजेत मीरासाहेबांच्या उरुसाला सगळे मिळून जातात. दिल्लीत 'फूलवालों की सैर' नावाचा तसाच काही उत्सव आहे असं कानावर आलं. त्याची हकिकत सांगाल का? (मिरज)

तुम्ही मिरजेचे, तुम्हाला ही हकिकत चटकन उमजेल. या सदरात कुणी तरी हा प्रश्न विचारावा असं मला फार दिवस वाटत होतं.

गोष्ट दुसऱ्या अकबरशहाच्या काळातली, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची. बादशहा नावाचा, सत्ता कंपनीची. बादशहाचा लाडका मुलगा मिर्झा जहांगीर यानं इंग्रज रेसिडेंट सीटनवर गोळी झाडली. सीटन वाचला, शहजाद्याची रवानगी अलाहाबादेला झाली. आई मुमताजमहल बेगमेनं नवस बोलला की मुलगा सुटून आला तर महरौलीला ख्वाजा कुतबुद्दीन बख्तियार काकींच्या दर्ग्यावर फुलांची चादर चढवीन. मुलगा परत आला, नवस फेडायला सगळा दरबार महरौलीला निघाला. दिल्लीची माणसंही लोटली. तिथेच जवळ योगमायेचं देऊळ आहे. बादशहानं तिकडेही फुलांचा पंखा पाठवला, आणि तेव्हापासून दोन्हीकडे फुलं जातात.

हा पंखा म्हणजे हातात धरून वारा घ्यायचा पंखा नव्हे. उंच काठीवर बसवलेली मोठी चौकट, तिला झेंडू-गुलाबाच्या माळा, जरीच्या झालरी, चमकीचा कागद. तो उभाच धरून न्यायचा असतो. सनई-ढोल पुढे आणि पंखा मागे अशी मिरवणूक महरौलीच्या अरुंद बाजारातून जाते. विजेच्या तारा आल्या की पंखा तिरका करतात, माना वर करून सगळे 'सांभाळून, सांभाळून' म्हणतात, तार मागे गेली की पुन्हा सरळ. देवळात जाताना मुसलमान बरोबर असतात, दर्ग्यात चादर चढवताना हिंदू. पुजारी पंखा स्वीकारतात, दर्ग्याचे सेवक म्हणजे खादिम चादर स्वीकारतात. हौज-ए-शम्सीच्या काठावरच्या जहाजमहालात कव्वाली आणि वेगवेगळ्या राज्यांची लोकनृत्यं होतात.

१९४२ च्या चळवळीच्या काळात इंग्रजांनी ही सैर बंद केली. लोक एकत्र जमणं त्यांना नकोच होतं. स्वातंत्र्यानंतर, साठच्या दशकाच्या सुरुवातीला पंडित नेहरूंनी मनावर घेतलं आणि ती पुन्हा सुरू झाली. दिल्लीचे बाकीचे सोहळे सरकारचे किंवा धर्माचे असतात, हा मात्र गावाचा आहे, म्हणून माझ्या लेखी या शहराचा खरा वार्षिक सोहळा हाच. आजच्या दिवसांत तर मी त्याला आणखी जपते. पाऊस सरल्यावर, बहुतेक शरद ऋतूत होतो. तारीख मात्र दरवर्षी बदलते आणि मागेपुढेही होते, त्यामुळे नक्की कळल्याशिवाय आरक्षण करू नका.

गेलात तर शेजारच्या जफरमहालात पाऊल टाका. सैरीच्या दिवसांत बादशहाचा मुक्काम इथे असे. दुसऱ्या अकबरशहाची कबर तिथे आहे. बहादूरशाह जफरनं स्वतःसाठी जागा राखून ठेवली होती, पण त्याला १८६२ मध्ये रंगूनला मरण आलं आणि ती जागा रिकामीच राहिली.

सैर हुकली तर वसंत पंचमीला निजामुद्दीनला जा. भाचा वारल्याच्या दुःखात हजरत निजामुद्दीन हसेनासे झाले, तेव्हा अमीर खुसरो पिवळी वस्त्रं घालून, मोहरीची फुलं हातात घेऊन त्यांच्यापुढे गात गेले, अशी आख्यायिका आहे. आजही त्या दिवशी कव्वाल गळ्यात पिवळी उपरणी घालतात आणि मजारीवर मोहरीची फुलं वाहतात. डोकं झाकायला रुमाल किंवा ओढणी बरोबर ठेवा.

प्रश्न : ताई, माझ्या दोन्ही नातवंडांना २६ जानेवारीचं संचलन प्रत्यक्ष दाखवायची इच्छा आहे. मुलं आठ आणि अकरा वर्षांची. जमेल का? (नाशिक)

काका, जमेल, पण मुलांना काय झेपेल याचा आधी विचार करा. तिकिटं जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात निघतात, संरक्षण मंत्रालयाच्या 'आमंत्रण' या संकेतस्थळावर. अलीकडे दर २० आणि १०० रुपये असतो. तिकीट काढताना दिलेलं ओळखपत्रच मूळ प्रत म्हणून बरोबर लागतं. पहाटे निघावं लागतं, पारा एक आकडी असतो, पिशव्या, डबे, बाटल्या आत नेता येत नाहीत. मुलांना पोटभर खाऊ घालूनच निघा. स्वेटरच्या आत आणखी एक स्वेटर घाला, नाशिकची थंडी वेगळी आणि ही वेगळी.

कर्तव्यपथावर चित्ररथ समोरून मिनिटाभरात निघून जातो. मुलांना तो डोळे भरून बघायचा असेल तर लाल किल्ल्याच्या हिरवळीवर 'भारत पर्व' भरतं तिकडे न्या. साधारण २६ ते ३१ जानेवारी, प्रवेश विनामूल्य. संचलनातले चित्ररथ तिथे उभे असतात, अगदी जवळ जाऊन बघता येतात. वेगवेगळ्या राज्यांचे खाण्याचे स्टॉलही असतात. महाराष्ट्राच्या चित्ररथाला २०१५ मध्ये पंढरीच्या वारीसाठी आणि २०१८ मध्ये शिवराज्याभिषेकासाठी पहिला क्रमांक मिळाला होता, हे नातवंडांना आधी सांगून ठेवा, म्हणजे ती आपला रथ शोधत पळतील.

आणखी एक पर्याय म्हणजे २३ जानेवारीची रंगीत तालीम. टिळक मार्ग, बहादूरशाह जफर मार्ग या बाजूनं लोक रस्त्याकडेला उभे राहून बघतात. आणि तुमच्यासाठी म्हणून सांगते, २९ तारखेचं बीटिंग रिट्रीट चुकवू नका. विजय चौकात तिन्ही दलांचे बँड वाजत असतात, वर रायसीना टेकडीच्या कठड्यावर सीमा सुरक्षा दलाचे सजवलेले उंट एका रांगेत निश्चल उभे असतात, सूर्य त्यांच्या मागे उतरतो. 'सारे जहाँ से अच्छा' वाजवत बँड परत निघतात आणि मग नॉर्थ-साउथ ब्लॉकवर दिवे लागतात. तिथे अकरा वर्षांचा मुलगासुद्धा गप्प बसतो.

प्रश्न : मुलगा स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी करोलबागेत राहतो. घरी असताना रोज रियाज करायचा, आता गाणं तुटलंय. त्याला तिथे काय ऐकता येईल? (इचलकरंजी)

वहिनी, तुमच्याच पंचक्रोशीतलं गाणं दिल्लीत आहे. विष्णू दिगंबर पलुस्कर कुरुंदवाडचे. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्यांचे शिष्य विनायकराव पटवर्धन, त्यांचे शिष्य विनयचंद्र मौद्गल्य. या मौद्गल्यांनी १९३९ मध्ये दिल्लीत गांधर्व महाविद्यालय सुरू केलं, ते आजही दीनदयाळ उपाध्याय मार्गावर आहे. पलुस्करांचा जन्म १८ ऑगस्टचा, त्या सुमाराला विष्णू दिगंबर जयंती समारोह होतो. त्याला सांगा, पहिल्यांदा तिकडेच जा. शंकरलाल संगीत महोत्सव १९४७ पासूनचा, तो हिवाळा सरता सरता असतो. नाटकाची आवड असेल तर राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा भारत रंग महोत्सव आहे, १९९९ पासून. दोन्ही मंडी हाउसच्या परिसरात. करोलबागेहून मेट्रोनं थेट जाता येतं, मधे गाडी बदलावी लागत नाही. आठवड्यातली एक संध्याकाळ गेली म्हणून अभ्यास बुडत नाही. त्याला मोकळेपणानं परवानगी द्या.

प्रश्न : मला दम्याचा त्रास आहे. नोव्हेंबरमधला प्रगती मैदानाचा मोठा व्यापार मेळा बघायला यावं का? (अकोला)

नको. मेळा १४ ते २७ नोव्हेंबर असतो, आणि नेमकी तेव्हाच दिल्लीची हवा सर्वांत वाईट असते. फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चमध्ये या. फरीदाबादजवळ सूरजकुंडचा हस्तकला मेळा फेब्रुवारीत भरतो, १९८७ पासून, पण तो बहुधा महिनाअखेरच्या आधीच संपतो, म्हणून तारखा बघूनच या. विणकर, कुंभार, धातुकाम करणारे कारागीर स्वतः बसलेले असतात. त्याच सुमारास राष्ट्रपती भवनाची बागही लोकांसाठी उघडते. तरी निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : बदली होऊन दिल्लीला येतोय. घरचा गणपती पहिल्यांदाच घराबाहेर बसणार. मूर्ती, विसर्जन यांचं काय? (सांगली)

या, काळजी करू नका. विटा-खानापूर-आटपाडीकडची गलाईवाली मंडळी सोन्याचांदीच्या कामासाठी इथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात, पहाडगंजला बृहन्महाराष्ट्र भवन आहे, महाराष्ट्र सदनातही गणपती बसतो. आरतीला माणसं कमी पडणार नाहीत. मूर्ती शाडूचीच घ्या आणि आधी सांगून ठेवा, ऐन वेळी मिळतात त्या बहुधा प्लास्टरच्या. यमुनेत विसर्जनाला बंदी आहे, प्रशासन ठिकठिकाणी तात्पुरते तलाव करतं. मूर्ती लहान असेल तर घरीच बादलीत विसर्जन करा आणि माती कुंडीत घाला. उकडीच्या मोदकांना बासमती चालत नाही, पीठ सांगलीहूनच घेऊन या.