ओहोटीच्या पट्ट्यातले प्रश्न

भरतीची रेषा आणि ओहोटीची रेषा यांच्यामधल्या पट्ट्यात राहणाऱ्या जिवांबद्दल आलेल्या पत्रांना या वेळी उत्तरं दिली आहेत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : सातवीच्या मुलांना खडकांवरचे जीव दाखवायचे आहेत. गेल्या खेपेस सकाळी दहाला पोचलो तर सगळे खडक पाण्याखाली. योग्य वेळ कशी काढायची? (एक शिक्षिका, रत्नागिरी)

तुम्ही बहुधा त्रयोदशीला गेला असाल. किनाऱ्यावर जुना हिशोब आहे : तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, त्रयोदशीला पावणेदहा. त्यात साधारण सव्वासहा तास मिळवले किंवा वजा केले की ओहोटी सापडते. हा हिशोब अर्धा-पाऊण तास चुकू शकतो आणि मुंबईला भरती रत्नागिरीनंतर पोचते, त्यामुळे दिवस ठरवायला पंचांग वापरा आणि वेळ पक्की करायला भारतीय सर्वेक्षण विभागाचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघा.

वेळेइतकंच पाणी किती खाली जातं हे महत्त्वाचं. अष्टमीला भर दुपारी बाराला ओहोटी असते, पण तो भांग. पाणी फारसं उतरतच नाही, मुलांना ऊन मात्र भरपूर लागतं. उधाणाची सर्वांत मोठी ओहोटी अमावस्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येते. प्रतिपदा ते तृतीया या दिवसांत ती सकाळी सात ते साडेआठच्या सुमारास पडते, शाळेला अगदी सोयीची. कोष्टकात ओहोटीची उंची ०.५ मीटरपेक्षा कमी दिसली तर जरूर जा.

ओहोटीच्या दीड तास आधी पोचा, उतरत्या पाण्याच्या मागोमाग खाली जा आणि पाणी वळलं की परत फिरा. चढणारं पाणी एका वेगाने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाचा फक्त बारावा भाग येतो, त्यामुळे माणूस बेसावध राहतो. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मा चढ येतो. मुंबईत उधाणाला पाणी चार मीटरच्या आसपास चढतं, म्हणजे त्या दोन तासांत दोन मीटर. मालवण-गोव्याकडे एकूण चढच दोन मीटरच्या आसपास, पण तिथेही मागची घळ आधी भरते आणि परतीची वाट तुटते. पावसाळ्यात मुलांना खडकांवर नेऊच नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत उत्तम : पाणी निवळलेलं असतं, शेवाळं भरात असतात, खडक तापलेला नसतो.

प्रश्न : आमच्याकडच्या खडकांवर वर बारीक शंख, मग पांढरट खरबरीत थर, मग कालवं आणि तळाला शेवाळ असे पट्टे आखल्यासारखे दिसतात. हे जीव एकमेकांत मिसळत का नाहीत? (एक वाचक, देवगड)

पट्ट्याची वरची कड आणि खालची कड वेगवेगळ्या कारणांनी ठरते. वरची कड बहुतेक वेळा ऊन आणि कोरडेपणा ठरवतात. खालची कड ठरवतात शेजारी आणि शिकारी.

तुमचा पांढरट थर बार्नेकलचा. होडीच्या तळाला चिकटतात तेच. दिसायला शिंपल्यासारखे, पण नात्याने कोळंबी-कुर्ल्यांचे. डोकं खडकाला चिकटवून, पाण्याखाली असताना पाय बाहेर काढून, त्यांनी अन्नकण गाळून खातात. पाणी गेलं की झाकण लावून आत ओल धरून बसतात. खडकाच्या वरच्या भागात त्यांना दिवसाकाठी फार थोडा वेळ खायला मिळतो, मग ते अजून खाली का येत नाहीत?

याचं उत्तर जीवशास्त्रज्ञ जोसेफ कॉनेल यांनी स्कॉटलंडच्या कम्ब्रे बेटावर प्रयोग करून दिलं. निबंध १९६१चा. तिथे वरच्या पट्ट्यात थॅमॅलस जातीचं लहान बार्नेकल होतं आणि खाली बॅलॅनस जातीचं मोठं. खडकाच्या काही तुकड्यांवरून बॅलॅनस काढून टाकल्यावर थॅमॅलस खालीही मजेत जगलं. बॅलॅनस तसंच ठेवलं, तिथे ते भराभर वाढून थॅमॅलसच्या अंगावर चढलं, त्याच्या बुडाखाली शिरून त्याला उचकटलं, दोन्ही बाजूंनी दाबून चिरडलं. बॅलॅनस वर का जात नाही? तिथे ते वाळून मरतं. लहान बार्नेकलला वरचा पट्टा आवडतो असं नाही, खाली त्याला कोणी राहू देत नाही.

आपल्या खडकांवर जाती वेगळ्या, रीत तीच. सर्वांत वरचे बारीक शंख लिटोरिना कुळातले, त्यांना फक्त उधाणाचे तुषार मिळाले तरी चालतं. त्याखाली नेरिटा जातीचे शंख, बार्नेकल, मग कालवं. कालवांच्या खालच्या कडेला कपारींत थायस जातीचे जाड शंख शोधा. ते कालवं आणि बार्नेकल पोखरून खातात, आणि ते स्वतः उन्हात फार वर येऊ शकत नाहीत. सावलीच्या उभ्या कातळावर तोच पट्टा वर सरकलेला दिसतो. लाटांचा मारा असलेल्या टोकावर आणखी वर, कारण तुषार उंच जातात. एकाच खडकाच्या दोन बाजू बघा, म्हणजे हे पटेल.

प्रश्न : प्रकल्पासाठी या पट्ट्यांची मोजणी करायची आहे. चौकट कशी बनवायची आणि नोंदी कशा घ्यायच्या? गेल्या वर्षीच्या नोंदी परीक्षकांनी नाकारल्या. (महाविद्यालयीन विद्यार्थी, अलिबाग)

अर्धा इंची पीव्हीसी पाइपचे चार तुकडे आणि चार एल्बो घ्या. चौकटीचं आतलं माप ५० सेंमी भरलं पाहिजे, बाहेरचं नव्हे. चूक इथपासून सुरू होते. प्रत्येक बाजूला दर १० सेंमीवर एक याप्रमाणे चार भोकं पाडून नायलॉनची दोरी ताणून बांधा. २५ घरं होतील, एक घर म्हणजे ४ टक्के. दोन-तीन भोकं जादा पाडा, नाहीतर डबक्यात चौकट तरंगते.

जे चिकटून राहतं (शेवाळ, कालवं, बार्नेकल) त्याने किती टक्के जागा व्यापली ते लिहा. जे हलतं (शंख, कुर्ल्या) त्याची संख्या लिहा. दोन्ही एका रकान्यात घातलं तर परीक्षक नाकारणारच. शेवाळाखाली बार्नेकल असतील तर दोन्ही वेगळे मोजा. बेरीज शंभराच्या वर गेली तरी बिघडत नाही. बार्नेकलची संख्याच हवी असेल आणि ती शेकड्यांत असेल, तर चिठ्ठ्या काढून पाच घरं निवडा, मोजा आणि पाचाने गुणा. मोजताना डोळा घराच्या बरोबर वर हवा. दोरी खडकापासून चार बोटं वर असते, तिरकं पाहिलं की कडेचे जीव शेजारच्या घरात जातात. फोटो काढताना वर छत्री धरा, ओल्या खडकाची चमक जाते.

चौकट कुठे ठेवायची हे घरून ठरवून निघा. किनाऱ्याला समांतर १० मीटरची टेप लावा आणि चिठ्ठीत आलेल्या आकड्यांवर निदान पाच चौकटी टाका, मग पुढच्या पातळीवर उतरा. जागेवर गेल्यावर हात आपोआप जिथे जास्त जीव दिसतात तिथे जातो, आणि मग सगळा किनाराच भरलेला वाटतो.

सर्वांत जास्त वेळा राहून जाणारी गोष्ट म्हणजे उंची. 'पाण्यापासून १२ मीटर' या नोंदीला अर्थ नाही. सपाट कातळावर १२ मीटर म्हणजे वीतभर चढ, चढत्या कातळावर पुरुषभर. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाइप १० मीटर घ्या, पाणी भरा. कोष्टकातल्या ओहोटीच्या मिनिटाला पाण्याची कड ठरवा. एक लाट बघून नव्हे, दहा लाटांची वरची आणि खालची कड बघून मधली घ्या. एक मोजपट्टी तिथे, दुसरी चौकटीपाशी उभी धरा. समजा खालच्या पट्टीवर पाइपमधलं पाणी १.१० मीटरला आणि वरच्या पट्टीवर ०.३५ला थांबलं, तर फरक ०.७५. कोष्टकात ओहोटी ०.४० मीटर असेल तर तुमची चौकट १.१५ मीटर उंचीवर आहे. चढ जास्त असेल तर टप्प्याटप्प्याने जा.

पाइपमध्ये बुडबुडा असला की आकडा चुकतो. वाचताना दोन्ही तोंडं उघडी हवीत, एकावर अंगठा राहिला तरी चुकतो. वारा आणि हवेचा दाब यांमुळे प्रत्यक्ष पाणी कोष्टकापेक्षा थोडं वर-खाली राहतं. म्हणून एक पक्की खूण ठरवून तिची उंची दोन वेगळ्या दिवशी काढा आणि बाकी सगळं त्या खुणेवरून मोजा.

प्रश्न : ओहोटीला वाळूवर मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी असते. ही अंडी आहेत का? (इयत्ता पाचवी, दापोली)

अंडी नाहीत, जेवून झालेली वाळू आहे. नखाएवढ्या कुर्ल्या पाणी गेलं की बिळातून बाहेर येतात, चिमट्याने वाळू तोंडात घालतात, कणांवरचा सूक्ष्म शेवाळांचा आणि जिवाणूंचा लेप धुऊन खातात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतात. बिळापासून निघालेल्या रांगा चाकाच्या आऱ्यांसारख्या दिसतात, कारण धोका वाटला तर सरळ घरात पळता यावं म्हणून मधली वाट मोकळी ठेवलेली असते. दहा मिनिटं न हलता उकिडवं बसलात तर त्या परत बाहेर येतील. बोराएवढी ढेकळं आणि वर सुक्या वाळूत मोठं बीळ दिसलं तर ती वेगळी, जोरात धावणारी कुर्ली. तिथली वाळू खाल्लेली नसून नुसती खणून फेकलेली असते.

प्रश्न : शिंपल्यांना कोणी यंत्राने पाडल्यासारखं गोल भोक असतं. कोणाचं काम? (एक वाचक, मालवण)

भिंगातून भोकाची कड बघा. बाहेर रुंद आणि आत अरुंद, वाटीसारखी उतरती असेल तर नॅटिका. हा गुळगुळीत शंख वाळूखालून चालत येऊन शिंपला पायात गुंडाळतो. कड सरळ उभी असेल तर बहुधा थायसच्या कुळातला. दोघेही एका ग्रंथीच्या स्रावाने कवच मऊ करतात आणि दातांच्या पट्टीने खरवडतात, असं आळीपाळीने. वाळूत रबरी गळपट्ट्यासारखी कडी सापडली तर टाकून देऊ नका, ती वाळूत चिकटवलेली नॅटिकाची अंडी असतात. ओली असेल तर पाण्याच्या कडेला ठेवा.

प्रश्न : एप्रिल-मेमध्ये खडकावरचं हिरवं शेवाळ पांढरं पडून वास येतो. प्रदूषण समजायचं का? (एक वाचक, मुंबई)

नुसत्या पांढऱ्या रंगावरून नाही. दुपारच्या उन्हात उघडं पडलेलं उल्वा (हेच हिरवं शेवाळ) वाळून पांढरं होतंच. संशय कधी घ्यायचा? नाल्याच्या तोंडाशी वर्षभर उल्वाचीच दाट गादी असेल, खाली चिखल काळा असेल, सडक्या अंड्यासारखा वास येत असेल आणि पन्नास पावलांवर ही गादी संपून इतर जाती दिसू लागत असतील, तेव्हा. अशा ठिकाणची कालवं खाऊ नका, ती पाणी गाळतात आणि त्यातले जंतू साठवतात.

प्रश्न : समुद्रफूल (फुलासारखा दिसणारा प्राणी) बरणीत घरी आणलं, दोन दिवसांत गेलं. काय चुकलं? (एक वाचक, पणजी)

आणलं हेच. बरणीतलं पाणी तापतं, त्यातला प्राणवायू संपतो आणि जिवाचाच अमोनिया त्याला मारतो. त्यातून खडकावरून सोडवताना बुडाला इजा झालेली असते. बघायचं असेल तर कडेला गुडघे टेकून, डबक्यावर स्वतःची सावली पाडून बघा. मोकळे शंख पांढऱ्या ट्रेमध्ये त्याच डबक्याच्या पाण्यात पाच-दहा मिनिटं ठेवून जागच्या जागी सोडा. शंकूच्या आकाराचा नक्षीदार शंख मात्र हातात घेऊ नका, काहींचा डंख प्राणघातक असतो. दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, मेलेला तुकडाही उचलू नका. दगड उलटलात तर तो होता तसा पालथा ठेवा, पण आधी खालचे खेकडे बाजूला सरकू द्या. दगडाच्या खालची बाजू ओल आणि अंधार यांची असते. ती उन्हात राहिली तर तिथले स्पंज आणि अंडी त्याच ओहोटीत मरतात.