मौनानं पांदण मोकळी होईल का?

प्रश्न : बाई, नमस्कार. मागच्या अंकात तुम्ही क्वेकर लोकांबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या, की ते गप्प बसून प्रार्थना करतात आणि मतं न मोजता ठराव करतात. आमच्या गावात पांदण रस्त्याचा वाद आहे. ग्रामसभेत हात वर करून मतं घेतली, 41 विरुद्ध 38. रस्ता मंजूर झाला आणि चौथ्या दिवशी पांदणीवर बोरीच्या काट्या पडल्या. आता सोयाबीन घरी आणायचं कसं? अशा ठिकाणी मौन काय कामाचं? की मौन म्हणजे भांडणातून अंग काढून घेणं?
— एक कास्तकार, आर्वी तालुका

उत्तर : भाऊ, आधी हे लोक कोण ते थोडक्यात सांगते. क्वेकर हा ख्रिस्ती धर्मातला छोटा पंथ. 1650च्या सुमारास इंग्लंडात जॉर्ज फॉक्सच्या उपदेशातून उभा राहिला. ते स्वतःला 'फ्रेंड्स' म्हणवतात. प्रत्येक माणसात देवाचा अंश आहे आणि त्याचं ऐकायला मध्ये पुरोहित लागत नाही, ही त्यांची श्रद्धा. म्हणून त्यांच्या मूळ पद्धतीच्या सभेत पाद्री नसतो, ठरलेलं प्रवचन नसतं. सगळे शांत बसतात, ज्याला आतून वाटेल तो उठून बोलतो.

हे सगळं फार लांबचं नाही. होशंगाबाद, म्हणजे आताचं नर्मदापुरम, नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्यप्रांतातच होतं. तिथल्या रसूलियाला क्वेकरांचं फ्रेंड्स रूरल सेंटर आहे. मुलांनी हातानं प्रयोग करत विज्ञान शिकावं, हे काम 1972 साली 16 शाळांतून सुरू झालं, त्यात या केंद्राचा हात होता. आपल्या सेवाग्रामला गांधीजींच्या नई तालीम शिक्षणाचे शिक्षक घडवणाऱ्या मार्जरी साइक्सही क्वेकरच.

मी शिक्षिका असताना ते विज्ञानाचं काम पाहायला गेले होते. एका रविवारी त्यांच्या सभेत बसले. खाली सतरंजी, भिंतीशी दोन बाकं, दहा-बारा माणसं. सुरुवात कुणी केलीच नाही. सगळे बसले तीच सुरुवात. माझं लक्ष घरी, अंगणात वाळत टाकलेल्या तुरीवर. बाहेर कुणीतरी हापशी मारत होतं, तिची कुरकुर ऐकू येत होती. अर्ध्या तासानं एक वयस्कर गृहस्थ उठले आणि हिंदीत म्हणाले, "सालदार दोन दिवस आजारी होता, मी त्याचे पैसे कापले. ते मला नीट वाटत नाही." आणि बसले. कुणी शाबासकी दिली नाही, कुणी दटावलं नाही, पुन्हा सगळं शांत. शेवटी शेजारच्या बाईनं माझा हात हातात घेतला, सगळ्यांनी तसंच केलं, सभा संपली. त्या गृहस्थांनी पुढं काय केलं ते मी विचारलं नाही. पण आमच्या घरी निंदणाला येणाऱ्या बाईचे मी पावसामुळे अर्ध्या रोजाचे पैसे कापले होते, ते तिथं बसल्या बसल्या समोर उभे राहिले. परत आल्यावर आधी ते देऊन आले. भाऊ, ते मौन अंग काढणारं नव्हतं, अंगावर येणारं होतं. तुमच्याकडे सामुदायिक प्रार्थना होत असेल तर त्यातल्या शांततेची ताकद तुम्हाला वेगळी सांगायला नको.

आता ठरावाचं. सभेचं काम बघणाऱ्याला ते क्लार्क म्हणतात. निकाल द्यायचा हक्क त्याला नाही. सगळ्यांचं ऐकून मन कुठं जुळतंय ते तो बघतो, ठराव तिथंच लिहून वाचून दाखवतो. शब्द खटकला तर तिथंच बदलतात. आवाज चढले की थोडा वेळ सगळे गप्प. जुळलंच नाही तर विषय पुढच्या सभेला.

याची किंमतही सांगितली पाहिजे. अमेरिकेत जर्मनटाउनच्या चार जणांनी 1688 साली गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध आपल्याच लोकांपुढं ठेवला. गुलाम बाळगणाऱ्याला सभासद ठेवायचं नाही, असं फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेनं ठरवलं 1776 साली. मधली 88 वर्षं सभासदांची नव्हे, गुलामांची गेली. मला हे फार लागतं. त्या काळात जॉन वुलमन नावाचा क्वेकर गुलाम बाळगणाऱ्या आपल्याच पंथातल्या लोकांच्या दारात जाऊन बसायचा, समजावायचा. मुक्कामाला राहिला तर गुलामांनी केलेल्या सेवेचे पैसे मोजून द्यायचा. पुढं 1787 साली लंडनमध्ये गुलामांचा व्यापार बंद करण्यासाठी समिती झाली, तिच्या 12 जणांत 9 क्वेकर होते. तेव्हा सहमती होत नाही म्हणून गरिबाची वाट अडवून ठेवायची, याला मी कधीच हो म्हणणार नाही.

पण 41 हात मोजून काम झालं असंही नाही. आमच्या बचत गटात हप्ता वाढवायचा ठराव हात वर करून झाला. एका विधवा बाईनंही हात वर केला. दोन महिन्यांनी कळलं, हप्त्यासाठी तिनं शेळी विकली. सगळ्यांचे हात वर होते म्हणून तिचाही गेला. त्या दिवसापासून आम्ही पाच मिनिटं शांत बसतो आणि मग एकेकीला नाव घेऊन विचारतो. वेळ लागतो, लागू द्या. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा गाव वर्षानुवर्षं सर्वसहमतीनंच ग्रामसभा चालवतं, आणि 2009 साली त्या गावाला आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला.

तुम्ही त्या 38 मधल्या ज्यांच्या धुऱ्याला रस्ता लागून जातो, त्यांच्या घरी जा. काट्या कुणी टाकल्या हे विचारूच नका. कुणाच्या वावरातून किती फूट जातं आणि त्यातलं कोणतं झाड जातं, ते विचारा. बांधावर त्यांच्याजवळ बसा, आणि ते बोलेपर्यंत तुम्ही बोलू नका. सोयाबीन थांबणार नाही, तेव्हा उद्याच जा.

प्रश्न : क्वेकर ओट्सचा डबा याच लोकांचा का हो?
— एक वाचक, पुसद

उत्तर : नाही ताई. या पंथाचा त्या कंपनीशी संबंध नाही. खरेपणाबद्दल या लोकांचं नाव होतं, म्हणून ते नाव घेतलं गेलं. ते नाव त्यांनी दुकानात कमावलेलं. घासाघीस हाही खोटेपणाच, असं मानून जुने क्वेकर दुकानदार एकच भाव सांगायचे. लहान पोराला पाठवलं तरी तोच भाव.