न दुखणारी जखम

प्रश्न : सासऱ्यांना १८ वर्षांपासून मधुमेह आहे. उजव्या तळव्याला, अंगठ्याच्या मुळाशी दोन महिन्यांपासून जखम आहे. साखर आता आटोक्यात आहे, ड्रेसिंग रोज होतं, तरी भरत नाही. दुखत नाही म्हणून ते घरभर हिंडतात. काय चुकतंय?

उत्तर : ताई, ‘दुखत नाही म्हणून हिंडतात’ हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. घोडं तिथेच अडलंय. एरवी तळव्याला साधा फोड आला तरी माणूस लंगडतो आणि त्या लंगडण्यानेच जखमेला उसंत मिळते. मधुमेहाने नसा बधिर झाल्या की लंगडणं थांबतं. मग रात्री जे थोडं भरतं ते सकाळच्या चार फेऱ्यांत पुन्हा फाटतं.

जखमा बांधता बांधता माझी २० वर्षं गेली. एका गृहस्थांच्या तळव्याला नुसता पिवळट घट्टा दिसत होता, मधोमध तांबूस ठिपका. ब्लेडने थर तासत गेले, तर खाली बोराएवढी पोकळी आणि पू. ते मात्र माझ्याशी गप्पा मारत होते, त्यांना काहीच जाणवलं नव्हतं. म्हणून घट्टा घरी कापू नका, कॉर्न कॅपही (घट्ट्यावर लावायची औषधी पट्टी) लावू नका.

आता डॉक्टरांना स्पष्ट विचारा : पायाचा रक्तपुरवठा तपासलाय का? संसर्ग हाडापर्यंत गेलाय का? रक्तपुरवठा नीट आहे आणि हाडाला संसर्ग नाही अशी खात्री झाली, की जखमेवरचा भार काढायचा. त्यासाठी गुडघ्यापर्यंतचं खास प्लास्टर किंवा काढता न येणारा बूट असतो. काढता येणारा बूट लोक घरात काढूनच ठेवतात, आणि रात्री बाथरूमपर्यंत टाकलेली पावलंही जखमेला भोवतात. लाली वाढली, सूज आली, वास किंवा ताप आला, बोट काळं पडलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

जखम भरली तरी दहापैकी साधारण चौघांना वर्षभरात ती पुन्हा होते. तेव्हा पाय गरम पाण्यात बुडवणं बंद, अनवाणी चालणं बंद. चपला-बूट घालण्याआधी आत हात फिरवायचा, बोटांमधल्या बेचक्या कोरड्या ठेवायच्या. आणि डावा तळवाही आजपासून रोज बघा, कारण उजव्याला विश्रांती दिली की सगळा भार त्याच्यावर येणार आहे.