'मेकॅनिक्स'ला मराठीत काय म्हणावं?

देवगडच्या एका कॉलेजकुमाराने विचारलंय: आम्ही मित्र मराठीतून रोलप्लेइंग गेम खेळतो: प्रत्येकजण एक पात्र होतो, पात्राच्या प्रत्येक कौशल्याला आकडा असतो, आणि काम जमलं की फसलं ते फासे टाकून ठरतं. राज्य काल्पनिक, काळ मध्ययुगीन, जलदुर्ग आहेत, जादूही आहे. कुलपं उघडणं, सापळे लावणं नि निकामी करणं, दरवाजाची बिघडलेली चक्रं दुरुस्त करणं, या सगळ्याचं मिळून एक कौशल्य आहे. इंग्रजीत त्याला 'मेकॅनिक्स' म्हणतात. आपण 'अभियांत्रिकी' म्हणावं का?

नको. तो गेल्या शतकात घडवलेला शब्द. ऐकला की तलवार नाही, प्रवेशपरीक्षा आठवते. आणि मेकॅनिक म्हणजे नाक्यावर बाइक उघडून बसलेला.

'यंत्रविद्या' जवळची वाटते, आणि शब्दही जुना. अकराव्या शतकातल्या भोजाच्या 'समरांगणसूत्रधारा'त यंत्रांवर अख्खा अध्याय आहे, उडत्या लाकडी पक्ष्यासकट. पण आपल्या गावात यंत्र म्हणजे देव्हाऱ्यातला तांब्याचा पत्रा, नाहीतर दंडावरचा ताईत. तंत्राचं तर विचारूच नका. 'यंत्रविद्या ५' असं वाचून सगळे म्हणतील, हा भगत दिसतोय! खेळात जादू नसती तर चाललं असतं. आहे म्हणून हाताच्या कामाला हाताचाच शब्द हवा.

तसा एक आहे: कळ. आमच्या आजोळी एका पेटाऱ्याचं कुलूप नुसत्या किल्लीने उघडत नसे. बाजूचा पितळी खिळा दाबून धरावा लागे. आजी ओरडायची, "आधी कळ दाब, मगे चावी फिरव!" (चावी पोर्तुगीज आहे. तुमच्या राज्यात फिरंगी आलेच नसतील तर किल्लीच म्हणा.) पिंगुळीच्या ठाकरांच्या कळसूत्री बाहुल्यांत तीच कळ: वर बोट जेमतेम हलतं, खाली लाकडी हात आशीर्वादाला उठतो. 'कळीचा मुद्दा'ही तिथलाच.

अडचण एवढीच की कळ दुखण्यालाही म्हणतात. "माझी कळ सहा आहे" म्हणणाऱ्याला कुणीतरी बाम आणून देईल. 'कळसूत्री' म्हणावं, तर तो दुसऱ्याच्या हातातलं बाहुलं ठरतो.

म्हणून माझं मत 'हिकमत'. शब्द अरबी, तिकडे अर्थ शहाणपण. मराठीत येईपर्यंत त्यात युक्ती आणि खटपट दोन्ही मिसळल्या. इंग्रजी 'एंजिन'ची गोष्टही अशीच आहे. मूळ लॅटिन 'इंगेनियम' म्हणजे उपजत बुद्धी, आणि मध्ययुगात वेढ्यासाठी दगडफेकीची यंत्रं बांधणारा तो 'इंगेनियेटर'. म्हणजे तुमच्या काळाशीही जुळतं. शिवाय हिकमत क्रियापद बरोबर घेऊन येते: "मी हिकमत लढवतो" म्हणायचं आणि फासे टाकायचे. असं वाक्य अभियांत्रिकीचं करून बघा.

शब्द ऐसपैस आहे, हे खरं. कुणीही उठून कुठेही हिकमत लढवेल. त्याला कुंपण 'कळ'च घालते. कुलपाची कळ, सापळ्याची कळ, दरवाजाची कळ; जिथे कळ आहे तिथेच हिकमतीचे फासे पडतील, असा नियम करा. पहारेकऱ्याला बोलण्यात गुंगवून आत शिरायचं असेल तर तिथे कळ नाही, हिकमतही नाही. त्या कौशल्याला मालवणीत आयतं नाव आहे: गजाल.