कारागृहाच्या दवाखान्यात नेमणूक झालीय. वेगळं ट्रेनिंग मिळतं का? अडलं तर कुणाला विचारायचं?

ताई, कळंबा कारागृहात स्टाफ नर्स म्हणून जायचंय आणि धास्ती वाटतेय, असं तुम्ही लिहिलंय. मीही कोल्हापूरचाच. दुसऱ्या एका जिल्ह्यातल्या कारागृहाच्या दवाखान्यात सहा वर्षं ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, होतो. बंद्यांची भीती पंधरा दिवसांत जाते. आजूबाजूचे सगळे ज्याला कैदी म्हणून बघतात, त्याला पेशंट म्हणून बघत राहणं, हे मात्र रोज नव्यानं करावं लागतं.

रुजू झालो तेव्हा मला झडती, किल्ल्या, मोजणी आणि आत काय न्यायचं नाही एवढं सांगितलं. आजारांबद्दल अवाक्षर नाही. पहिल्याच महिन्यात एका रात्री बराकीतून निरोप आला, "नवा आलाय तो नाटकं करतोय." जाऊन बघतो तर माणूस घामानं निथळतोय, हात थरथरतायत आणि चादरीवरचे नसलेले किडे वेचतोय. नाडी १३०. आत येऊन तिसरा दिवस. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की दोन-तीन दिवसांनी असं होऊ शकतं आणि उपचार झाले नाहीत तर जीव जातो. मेडिसिन वॉर्डात काम केलेलं म्हणून मला ओळखता आलं. डॉक्टरांना लगेच फोन केला, पण पोलीस गार्ड मिळून गाडी हलायला दीड तास गेला. वाचला तो. तेव्हापासून नव्या प्रत्येकाला दोन गोष्टी विचारल्याच: शेवटची दारू कधी घेतली, आणि जीव नकोसा वाटतोय का? दुसरं विचारताना जीभ अडखळते. तरी विचारा, विचारल्यानं तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात, कलम ३१ मध्ये, कारागृहातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना मानसिक आजारांच्या प्राथमिक आणि तातडीच्या उपचारांचं प्रशिक्षण द्यायची जबाबदारी सरकारवर टाकलीय. नर्सचा तिथं उल्लेख नाही, आणि रात्री बंद्यासमोर बहुतेक वेळा आपणच उभे असतो. हे मला फार खटकतं. म्हणून रुजू होण्याआधीच लेखी अर्ज द्या: आठवडाभर सीपीआरच्या, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाच्या, मानसोपचार ओपीडीत बसू द्या म्हणून.

तपासताना शिपाई दिसेल इतका जवळ, पण ऐकू येणार नाही इतका लांब उभा करा. कैद्यांना कसं वागवावं याच्या संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या मंडेला नियमांत पेशंटची गोपनीयता आहे, आणि उपचाराचा निर्णय वैद्यकीय माणसांचाच, हेही आहे. गोळ्या समोर गिळायला लावा. टीबीचा पेशंट सुटणार असेल तर त्याच्या पुढच्या उपचार केंद्राला आधीच कळवून ठेवा, नाहीतर औषध मध्येच तुटतं.

नोंद वेळेसकट करा. आत मृत्यू झाला तर मानवी हक्क आयोगाला २४ तासांत कळवावं लागतं, चौकशी होते, तुमचाही जबाब होतो. माझ्या वेळी एका बंद्यानं जीव दिला. चार वेळा जबाब दिला मी. झोप लागते का, हे कुणी विचारलं नाही. वॉर्डातली एक जुनी सिस्टर मात्र महिनाभर रोज रात्री फोन करायची, "जेवलास का?" एवढंच विचारायची. असं एक माणूस आत्ताच ठरवून ठेवा. आणि टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, १४४१६ नंबर बंद्यांसाठी भिंतीवर लावाल, तेव्हा स्वतःच्या मोबाइलमध्येही घाला.