नवी मुंबईत, खाडीजवळच्या घणसोलीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. पावसाळ्यात कपाटामागच्या भिंतीला बुरशी येते. काय करावं?

आधी ओल कुठली ते ओळखा. भिंत कोरडी पुसून फॉइलचा वीतभर तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा. 2 दिवसांनी फॉइलमागे पाणी दिसलं तर भिंत झिरपतेय. मग बाहेरच्या प्लास्टरच्या भेगा आणि वरचं बाथरूम तपासायला सोसायटीला लेखी कळवा. आतून रंग मारून पैसे घालवू नका.

पाणी फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला असेल तर ती घरातल्या हवेतलीच वाफ. भिंतीपलीकडे एसी चालतो का? गार भिंतीवर खाडीच्या दमट हवेतली वाफ लगेच पाणी होऊन बसते. कपाट चार बोटं पुढे ओढा, ओले कपडे त्या खोलीत वाळत घालू नका. बुरशी कोरडी झटकू नका, ओल्या फडक्याने पुसा. घरात दम्याचं कुणी असेल तर हे आजच करा.