बेळगावात राहून चाकांचं स्केटिंग येतं, म्हणून आता आइस हॉकीचा गोलकीपर व्हायचंय तुला?

चाकांवर तोल येतो हे भांडवल चांगलंच. पण एक सवय मोडावी लागेल बघ. चाकं आडवी घसरत नाहीत, बर्फावरचं पातं घसरतं. गोलकीपरचा निम्मा खेळ त्या आडव्या घसरण्यावरच चालतो.

गोल 6 फूट रुंद, 4 फूट उंच. पक म्हणजे चेंडूऐवजी वापरायची चपटी चकती, 170 ग्रॅमची, कडक रबराची. गोलरेषेला चिकटून उभा राहिलास तर नेमबाजाला दोन्ही कोपरे उघडे दिसतात. दोन-तीन फूट पुढे ये, तेच कोपरे झाकले जातात. फार पुढे गेलास की एका आडव्या पासवर मागचा गोल मोकळा, म्हणून पुढे येण्याइतकंच मागे सरकणंही घोटव.

बटरफ्लाय ही खालचे फटके अडवायची बैठक: गुडघे एकत्र खाली, नडग्या बाहेर, पायांवरच्या पॅडची पुढची बाजू पककडे. घाईत खाली बसणं ही नवख्यांची नेहमीची चूक. मग पक खांद्यावरून आत जातो. काठीचं पातं बर्फाला टेकलेलं ठेव, नाहीतर दोन पायांमधून गोल ठरलेलाच. अडवलेला पक समोर नको, कोपऱ्याकडे वळव.

पावसाळ्यात उघडी रिंक ओलीच की! तेव्हा भिंतीपासून 3 मीटरवर उभा राहून टेनिस बॉल झेल, प्रत्येक हाताने 50. मांडीच्या आतले स्नायू रोज ताण.

नैसर्गिक बर्फासाठी हिवाळ्यात लडाखसारखं ठिकाण गाठावं लागेल. व्यावसायिक जागा मात्र मोजक्या: एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे 32 संघ, सामन्याला प्रत्येकी दोनच गोलकीपर. त्यामुळे शिक्षण सोडू नको.